झालं म्हणेपर्यंत

सुतळीचं बोट लॅपटॉपच्या बटणावर टेकणार, तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं.

"बंद नाही करायचा."

"काकू, बंद करून चालू केलं की निम्मी दुखणी आपोआप बरी होतात. आमचं अर्धं दुकान त्याच्यावरच चालतं."

"तुझं दुकान चालू दे. हा नाही बंद करायचा."

सुतळीने हात मागे घेतला. शाळेत ती इतकी काटकुळी होती की या घरच्या लेकीने तिचं नाव सुतळी ठेवलं. आता ती अंगाने चांगली भरली होती, बाजाराच्या रस्त्यावर तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, पण या घरात तिचं नाव काही बदललं नव्हतं. नाव ठेवणारी मात्र राहिली नव्हती. कामावरून परतताना रस्त्यात गाडी उलटली, त्याला वर्ष होत आलं होतं. मधल्या काळात सुतळी इथे येऊन गेली होती, पण चहाचा कप हातात धरून काय बोलावं ते तिला कधी सुचलं नाही. आज हाताला काम होतं म्हणून तिला जरा बरं वाटत होतं.

लॅपटॉप लेकीचाच. जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला तो वर्षभर तसाच उघडा होता. पडद्यावर तिचं नाव, त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीने तो आणून दिला तेव्हा झाकण मिटलेलं होतं आणि कडेचा दिवा लुकलुकत होता. "ती कधी बंद करायचीच नाही, म्हणून मीही नाही केला," असं ती म्हणाली होती. त्या शहाण्या पोरीचे आईने मनातल्या मनात किती आभार मानले असतील, त्याला गणती नाही.

"विंडोज नाही, लिनक्स आहे ना हा?" सुतळी पडद्याकडे वाकली. "आणि आतल्या सगळ्याला कुलूप घातलेलं. काकू, तुम्ही हात धरलात ते बरं केलंत. हा एकदा बंद झाला की सुरू होतानाच पासवर्ड मागणार. नाही दिला की सगळं गेलं."

"तीच म्हणायची. हा मिटला की माझ्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी उघडायचा नाही."

"भलतीच वस्ताद होती." सुतळी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण आईच्या चेहऱ्यावर ते ऐकून किंचित काही उजळलं. लेकीबद्दल कोणी असं सहज बोलेनासं झालं होतं. सगळे कसे आवाज खाली आणून बोलायचे.

बाबा खिडकीशी उभे होते. त्यांना बसा म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या पायाला जन्मजात भिंगरी. जेवतानाही ते दोनदा उठायचे, एकदा पाण्याला आणि एकदा उगाच. आता ते खिडकीची खिटी वर करत होते आणि खाली करत होते.

"आणि बिघडलंय काय नक्की?" सुतळीने विचारलं.

आईने आपला फोन पुढे सरकवला. त्यात 'घर' नावाचा एक कप्पा होता. लेक ध्वनिमुद्रणाचं काम करायची, सिनेमांसाठी. पण घरी आली तरी हाताला चैन नाही. नळाचं ठिबकणं, दाराची कडी, आईचं स्वतःशी पुटपुटणं, जे सापडेल ते टिपायची. ते तिच्या लॅपटॉपमधून आईच्या फोनवर आपोआप उतरायचं, मात्र दोन्ही यंत्रं घरच्या वाय-फायवर असतील तेव्हाच. घरातले आवाज बाहेरच्या नेटवर जाऊ द्यायचे नाहीत, हा तिचा नियम होता.

कप्प्यातल्या सगळ्या ओळी काळ्या होत्या. सगळ्यात खालची एक राखाडी. 'बैठकीची खोली, सकाळ, शांतता.' आणि पुढे, 'यायची आहे.'

"ही शेवटच्या खेपेची," आई म्हणाली. "गाडीची वेळ झाली होती म्हणून झाकण मिटलं आणि निघाली. ही तेवढी आत राहिली."

सुतळीने ती ओळ पुन्हा वाचली. "काकू, पण यात शांतताच आहे ना? म्हणजे यात ऐकायला काही..."

"सुरुवातीला बोलते ती. खोली कुठली, वेळ कुठली, मग 'सुरू' म्हणते. शेवटी 'झालं' म्हणते. मधे काही नाही. ठाऊक आहे मला." आईने फोनची काच पदराने पुसली, ती स्वच्छच होती. "बाकीच्या सगळ्या इतक्या वेळा ऐकल्यात की आता त्या तिच्या वाटतच नाहीत. एवढी एकच आहे न ऐकलेली."

लेकीच्या धंद्यातली ही रीतच. बोलणं टिपून झालं की सगळ्यांना आहे तिथे गप्प उभं करायचं आणि नुसत्या खोलीची शांतता टिपून घ्यायची. पुढे वाक्यं कापताना जोडताना मधे भोकं पडतात, ती बुजवायला तीच लागते. दुसऱ्या खोलीची शांतता आणून चालत नाही, लगेच ठिगळ कळतं. बाबांना हे कधी पटलं नाही. न बोलण्याचे पैसे देणारी माणसं जगात आहेत, हे त्यांना शेवटपर्यंत थट्टेचंच वाटलं.

सुतळी कामाला लागली. लॅपटॉप तिने जागचा हलवला नाही, नुसती मान वाकडी करून चहूबाजूंनी पाहिला. बोटं ठेवायची जागा मधोमध वर उचलली गेली होती. ती पाहून तिचा चेहरा उतरला.

"काकू, बॅटरी फुगलीय याची. वर्षभर चार्जिंगला लावलेला म्हटल्यावर होणारच. चार्जर निघाला तर क्षणभरही तग धरणार नाही. आणि ही पिन तर नुसती लटकतेय." तिने जवळून पाहिलं. "खाली पुठ्ठ्याची घडी कोणी लावली?"

आईला पुठ्ठा माहीत नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी लावतो," बाबा खिडकीतूनच म्हणाले. "सकाळी पिन ढिली होते. घडी बदलावी लागते."

आईने वाकून पुठ्ठ्याच्या घडीकडे पाहिलं. वर्षभर या माणसाने त्या लॅपटॉपकडे ढुंकून पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. ती उठायच्या आधी कधीतरी तो पुठ्ठे कापत होता म्हणायचा.

सुतळीने वाय-फायची कळ दाबून पाहिली. कोपऱ्यातलं चिन्ह विझलं आणि परत आलं, पण रिकामंच. तिने आपला फोन तारेने जोडून पाहिला. लॅपटॉपने ढिम्म दाद दिली नाही.

"पडद्याला कुलूप असताना नवीन काही जोडलेलं हा मानत नाही. तिनेच तसं करून ठेवलंय. कुत्र्यालासुद्धा इतकं शिकवता येत नाही." ती मागे टेकली. "वाय-फाय बिघडलेलंच नाही काकू. हा शोधतोय. ज्या नेटची ओळख आहे तेवढंच शोधतोय, आणि ते मिळत नाही. तुमचं नेट बदललं का मधे?"

"कंपनी बदलली. ती गेल्यावर लगेचच. वाय-फायचा नवा डबा आला."

"मग झालं तर. हा बिचारा जुन्या नावाला हाका मारतोय आणि ओ द्यायला कोणी नाही. नवं नाव, नवा पासवर्ड याच्यात घालायला याचं कुलूप उघडायला हवं. ते तर होणार नाही." सुतळीने थोडा विचार केला. "पण उलटं करता येईल. डब्याला जुनं नाव देऊ, जुना पासवर्ड देऊ. याला कळणारच नाही डबा बदललाय ते. नाव काय होतं जुनं?"

खिडकीची खिटी वाजायची थांबली.

"आठवत नाही," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला नाव पाठ होतं, पासवर्ड तिने कधी घातलाच नव्हता. पण आधी तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

नाव न आठवायला काय झालं होतं? सगळ्या इमारतीला आठवत होतं. लेकीनेच ठेवलेलं, 'बाबा जरा बसा'. आजूबाजूच्या प्रत्येक फोनवर ते दिसायचं आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, काय मग, बसलात का? बाबा वरवर चिडायचे आणि आतून सुखावायचे. ती गेली आणि जिन्यातल्या लोकांनी विचारणं बंद केलं. नाव मात्र सगळ्यांच्या फोनवर दिसतच राहिलं. बाबांना ते सोसवेना. कंपनी काही वाईट नव्हती, पण त्यांनी बदलली.

दुसरंही होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या शेवटच्या सकाळी आई आंघोळीला गेलेली असताना लेकीने त्यांना खुर्चीत बसवलं होतं. बाबा, थोडाच वेळ, हलू नका. ते बसले आणि खुर्ची करकरली. तिने पुन्हा सुरू केलं. त्यांना चष्मा आठवला, ते उठले. तिसऱ्यांदा तिने नुसतं पाहिलं आणि ते भडकले. तुझ्या शांततेसाठी मी मरून पडू का, असं म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. परत आले तोवर तिची गाडी सुटली होती. ते वाक्य तिच्या त्या यंत्रात गेलं असेल, ही धास्ती त्यांना वर्षभर होती. आई फोन कानाला लावेल आणि तिला आधी तेच ऐकू येईल.

"अहो," आई म्हणाली.

"पासवर्ड कदाचित लक्षात असेल," बाबा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "बसतो बसतो. इंग्रजी अक्षरांत. सगळं जोडून."

सुतळीने मान वर केली नाही. पासवर्ड ऐकताच नाव तिलाही आठवलं होतं, जिन्यात तिनेही ते कितीदा फोनवर पाहिलं होतं. ती आपल्या फोनवरून डब्याच्या आत शिरली आणि एकेक अक्षर घालत गेली. डब्यावरचे दिवे विझले, परत लागले.

पहिल्यांदा बाबांच्या खिशातला फोन वाजला. त्याला जुनं नेट सापडलं होतं. बाबांनी फोन काढून पाहिला आणि परत खिशात घातला. मग आईच्या फोनवर खूण आली. लॅपटॉप ढिम्म.

"घाई नको," सुतळी स्वतःलाच म्हणाली. तिने वाय-फायची कळ एकदा दाबली, थांबली, पुन्हा दाबली. कोपऱ्यातलं रिकामं चिन्ह थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते खालून वर भरत गेलं.

आईने टेबलाची कड धरली होती. तिच्या फोनवर राखाडी ओळीच्या पुढे 'यायची आहे' होतं, तिथे आता 'येत आहे' झालं.

ते मात्र गोगलगायीच्या चालीने. पाठवण्याआधी लॅपटॉप आपला सगळा साठा तपासत बसला. आतला पंखा घरघरायला लागला. त्या घरघरीने पिन हलली, पडदा क्षणभर मंद झाला.

बाबा खिडकीतून आले. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि दोन बोटांत पिन दाबून धरली.

"अशी राहील ना?"

"राहील. पण हात हलायला नको काका. जराही."

"नाही हलणार."

सुतळीने आईकडे पाहिलं. आईने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नापासून तिने या माणसाला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं. नाकावर माशी बसली तरी त्यांनी मान हलवली नाही. घड्याळ वाजत होतं, पंखा घरघरत होता, ओळीखालची बारीक निळी रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती.

"केवढी मोठी आहे ही," आई हळूच म्हणाली. "आत तर काहीच नाही."

"शांततेलाही आवाजाइतकीच जागा लागते काकू. यंत्राला फरक कळत नाही. त्यातून तिने चारी कोपऱ्यांतून टिपलेली दिसते."

रेघ निम्म्यावर आली असेल, तेव्हा सुतळीने नाक वर केलं. काहीतरी गोडसर, उग्र असा वास येत होता. तिने लॅपटॉपच्या खालून हात घातला आणि झटकन काढला.

"काकू, हे आता धोक्याचं आहे. बॅटरी तापलीय. पेट घेऊ शकते. काका, सोडा तुम्ही."

"थांब जरा."

"काका, खरंच सांगते."

"थांब म्हटलं ना. येतेय ती."

आईने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. पिनेचा धातू लागत होता ती जागा लाल झाली होती आणि तरी बोटं हलत नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, तोही त्यांनी पुसला नव्हता. मग तिने रेघेकडे पाहिलं. ती सरकत होती. अजून थोडा वेळ दिला असता तर कदाचित पोचली असती. तो थोडा वेळ किती, हे मात्र कोणालाच सांगता आलं नसतं.

"अहो, सोडा," आई म्हणाली.

"अगं, येईल पूर्ण."

"राहू दे. सोडा तुम्ही."

ते सोडेनात. तेव्हा आईने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, एकेक बोट उकललं आणि पिन बाहेर ओढली. पडदा काळा झाला. पंखा थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला. सुतळीने लॅपटॉप फडक्यात धरून पळतच गच्चीत नेला, पेचकस घेऊन मागचं झाकण उघडलं आणि फुगलेली बॅटरी काढून लांब फरशीवर ठेवली. ती परत आली तोवर आईने ओलं फडकं बाबांच्या बोटांना गुंडाळलं होतं आणि दोघं टेबलाशी बसली होती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या खेपेला तो घाम नव्हता.

सुतळी आईच्या फोनशी बराच वेळ खटपट करत राहिली.

"अर्धवट आलीय," शेवटी ती म्हणाली. "पण आली तेवढी वाजेल. लावू?"

"मी लावते," आई म्हणाली.

तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, बाबांच्या समोर. बोट लावलं आणि ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि दार अर्धं ओढून त्याच्या आड उभी राहिली. त्या सकाळी बाबा निघून गेल्यावर लेकीने तिला तिथेच उभं केलं होतं. मी झालं म्हणेपर्यंत आत यायचं नाही.

फोनमधून आधी पावलं वाजली. मग आवाज आला, इतका जवळून की सुतळीने मागे वळून पाहिलं.

"बैठकीची खोली. सकाळ. आई दाराआड आहे. बाबा रागावून फिरायला गेलेत." ती हसली, अगदी थोडं. "त्यांची खुर्ची वाजली ती मी माझ्याकडे ठेवलीय, पुसणार नाही. आता ही रिकामी घेते. सुरू."

बाबांनी डोळे मिटले. गुंडाळलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मग खोली ऐकू यायला लागली. घड्याळ. लांबून जाणारी एक गाडी. वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली ठेवली. कुठेतरी कोणाचा तरी श्वास होता, तो तिचाच असणार, कारण त्या सकाळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ एकच होतं, दोन्ही एकात एक मिसळून वाजत होती. बाहेरून पुन्हा एक गाडी गेली. ही तेव्हाची की आत्ताची, ते सुतळीला कळलं नाही.

थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं. फोनचा पडदा विझला होता. केव्हा संपलं होतं कोण जाणे. घड्याळ मात्र तसंच वाजत होतं.

संपली काकू, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. दाराच्या फटीतून आईच्या साडीची कड दिसत होती, ती जागची हलली नव्हती. झालं असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.

सुतळीने तोंड मिटून घेतलं आणि ती आहे तिथेच उभी राहिली. समोर बाबा खुर्चीत बसून होते. खुर्ची एकदाही वाजली नाही.